एकच ड्रॉइंग, दोन ट्रान्सफॉर्मर: ज्ञानातून कारखाने आणि उद्योग कसे घडतात

समजा, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत दोन कारखाने आहेत. दोघांकडे 100 केव्हीएच्या डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मरचं तेच ड्रॉइंग, पत्रा एकाच गिरणीचा, वाइंडिंगची मशिनंही सारखीच. तरी टेस्ट बेंचवर एकाचा नो-लोड लॉस, म्हणजे ट्रान्सफॉर्मर नुसता जोडलेला असतानाही वाया जाणारी वीज, 180 वॅट येतो आणि दुसऱ्याचा 215. हे वरचे 35 वॅट आले कुठून?

आकडा किरकोळ वाटेल, पण नो-लोड लॉस खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये चोवीस तास चालू असतो, गावात दिवा लागो न लागो. वर्षाचे 8760 तास धरले तर 35 वॅटचे साधारण 307 युनिट होतात. ट्रान्सफॉर्मर 25 वर्षं टिकला तर साडेसात हजारांहून जास्त युनिट वीज फक्त लोखंड तापवण्यात गेली, आणि तीही एका ट्रान्सफॉर्मरमागे. नवीन ज्ञान कारखान्यात कसं शिरतं आणि त्यातून अख्खा उद्योग कसा बदलतो, हे या 35 वॅटच्या मागे लागलं की बरंचसं कळतं.

कोअरचा, म्हणजे ज्याभोवती वाइंडिंगची तार असते त्या लोखंडी गाभ्याचा, पत्रा म्हणजे सीआरजीओ, कण एका दिशेला वळवलेलं सिलिकॉन पोलाद. जाडी 0.23, 0.27 किंवा 0.30 मिलिमीटर. चुंबकीय प्रवाह रोलिंगच्या दिशेने गेला तर लॉस कमी, आडवा गेला तर कितीतरी जास्त. म्हणून कोपऱ्यात पत्रा 45 अंशात कापतात, म्हणजे प्रवाह वळताना दिशा फार सोडत नाही. हे सगळं ड्रॉइंगमध्ये असतं. कटिंग मशिनचं पातं बोथट झालं की पत्र्याच्या कडेला बारीक धार उभी राहते, तिला शॉपमध्ये बर म्हणतात. बर 20 मायक्रॉनच्या वर गेली की ती पत्र्यावरचा इन्सुलेशनचा थर फोडून शेजारच्या पत्र्याला टेकते. दोन पत्रे विजेच्या दृष्टीने एक होतात आणि एडी करंट, म्हणजे पत्र्यातच गोल फिरून उष्णता करणारा प्रवाह, वाढतो. कोपऱ्याच्या जोडात अर्धा मिलिमीटर फट राहिली, रचताना पत्र्याला हातोडीने ठोकलं, क्लॅम्प नको तितका आवळला, पत्रा उचलताना मध्येच वाकला, तर प्रत्येक वेळी थोडा लॉस वाढतो. गिरणीच्या सर्टिफिकेटवर दर किलोला जो लॉस लिहिलेला असतो, त्याच्यापेक्षा तयार कोअरचा लॉस दहा ते वीस-पंचवीस टक्के जास्त येतो तो यामुळेच. चांगला कारखाना दहाच्या जवळ राहतो, ढिला कारखाना पंचविसाला जातो.

180 वॅटवाल्या कारखान्यात पात्याला ठरावीक कटनंतर धार लावली जाते, दर शिफ्टला मायक्रोमीटरने बर मोजली जाते, कोअर रचणारा माणूस जोडावरून बोट फिरवून फट ओळखतो आणि नवा पोरगा त्याच्याच शेजारी काही महिने उभा असतो. ही त्या कारखान्याची वहिवाट. कारखान्याचं खरं भांडवल या वहिवाटीत असतं असं आमचं मत आहे. जमीन, शेड आणि मशिन बँकेच्या कर्जावर कुणालाही घेता येतं. वहिवाट विकत मिळत नाही. ती बसायला वर्षं जातात, आणि मोडायला एक जुना फोरमन निवृत्त होणं पुरतं.

ओव्हनमधली आठ टक्के ओल

वहिवाटीत किती गोष्टी दडलेल्या असतात हे ट्रान्सफॉर्मर सुकवण्याच्या कामात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

वाइंडिंगवर क्राफ्ट पेपर असतो, मध्ये प्रेसबोर्डाच्या पट्ट्या आणि ठोकळे. हा सगळा कागदाचाच ऐवज. साध्या हवेत त्यात वजनाच्या सहा ते आठ टक्के पाणी असतं. ते अर्ध्या टक्क्याच्या खाली आणावं लागतं, नाहीतर कागदाची विजेला रोखण्याची ताकद घटते आणि तो भराभर म्हातारा होतो. त्यासाठी कोअर-कॉइलचा पूर्ण जोड ओव्हनमध्ये 105 ते 110 अंशांवर ठेवतात, चांगल्या ठिकाणी व्हॅक्यूमसकट. किती तास? पुस्तकात तास दिलेले असतात, पण अनुभवी माणूस घड्याळापेक्षा मेगरकडे, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरकडे, बघतो. तापमान वाढतं तशी इन्सुलेशन रेझिस्टन्सची किंमत आधी घसरते. इथे नवखा माणूस घाबरतो. पुढे पाणी निघत जातं तशी ती चढू लागते आणि काही तास एका पातळीला स्थिर राहते. स्थिर राहिली आणि व्हॅक्यूमच्या वाटेवर पाणी जमणं थांबलं, की काम झालं. चढत्या आकड्यावर जॉब बाहेर काढला तर आतल्या जाड ठोकळ्यांत ओल राहते. ती फॅक्टरीच्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा पकडली जात नाही, दोन-तीन वर्षांनी खांबावर पकडली जाते.

अजून एक गोष्ट. कागद सुकला की आकसतो, म्हणजे कॉइलची उंची कमी होते आणि ओव्हनमध्ये जाताना घट्ट असलेले क्लॅम्प बाहेर येताना सैल झालेले असतात. ते पुन्हा आवळले नाहीत तर पहिल्या मोठ्या शॉर्ट सर्किटला कॉइल वर-खाली सरकते. आणि हे आवळणं चटकन व्हावं लागतं, कारण बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत उघडा पडलेला सुका कागद पुन्हा पाणी ओढू लागतो. टाकी, तेल आणि माणसं तयार असतील तेव्हाच ओव्हन उघडायचा, ही शिस्त ज्या शॉपमध्ये आहे तिथे पावसाळ्यातले जॉब परत येत नाहीत. ड्रॉइंगवर यातलं काय असतं? ‘कोअर-कॉइल सुकवून तेल भरावे’ अशी फार तर एक ओळ.

म्हणून ड्रॉइंग चोरून कारखाना उभा राहत नाही. ज्ञानाचा जो भाग कागदावर उतरतो तो एका रात्रीत परगावी जाऊ शकतो. जो उतरत नाही तो माणसांबरोबरच फिरतो, आणि माणसं शक्यतो आपल्याच गावात नोकरी बदलतात. काही उद्योग एकाच शहरात दाटीने का वाढतात याचं मोठं कारण हे आहे. बडोद्यात टाकी बनवणारे, रेडिएटर बनवणारे, तारेवर कागद गुंडाळणारे, तेलवाले आणि टेस्टिंगवाले एकमेकांपासून दुचाकीच्या अंतरावर आहेत. बिघाड झाला की सप्लायर त्याच दिवशी येऊन उभा राहतो, आणि जाताना एक गोष्ट शिकून जातो.

कसं करायचं आणि तसंच का करायचं

ज्ञानाचे दोन थर वेगळे ओळखायला हवेत. पहिला ‘कसं करायचं’चा, दुसरा ‘तसंच का करायचं’चा. पहिल्या थरावर कारखाना नीट चालतो. दुसरा नसेल तर तो बदलाच्या पहिल्या धक्क्याला बसतो.

तांब्याचं उदाहरण घ्या. तांबं महागलं आणि गिऱ्हाईक म्हणालं की वाइंडिंग अॅल्युमिनियमचं करा. ज्याच्याकडे फक्त ड्रॉइंग आहे तो तारेच्या रकान्यात धातूचं नाव बदलतो. पण अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण 61 टक्के. तेवढ्याच लॉससाठी तारेचा छेद 1.6 पट लागतो. कॉइल फुगते, म्हणून कोअरची खिडकी मोठी करावी लागते, म्हणून कोअर जड होतो, म्हणून नो-लोड लॉस वाढतो, म्हणून टाकी मोठी होते आणि तेल जास्त लागतं. शिवाय अॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो, त्यामुळे जोड तांब्यासारखा करून चालत नाही, योग्य लग (तारेच्या टोकाची टोपी) आणि योग्य क्रिंपिंग (ती दाबून बसवणं) लागतं. हा धातू दाबाखाली हळूहळू सरकतो, म्हणून साधा नट-बोल्ट काही महिन्यांत सैल होतो आणि जोड जळतो. एक धातू बदलला तर सात जागी हिशेब बदलतो. ‘का’ माहीत असलेल्या डिझायनरला हे आठवड्याचं काम आहे. नसलेल्याला दोन वर्षांच्या तक्रारी.

परदेशी कंपनीशी तांत्रिक करार करणाऱ्यांचा अनुभव याच अंगाने समजून घेता येतो. ज्याच्या घरी आधीच थोडंफार संशोधन चालू असतं, त्यालाच विकत घेतलेलं ज्ञान पचतं. करार संपला की तो पुढचं मॉडेल स्वतः काढतो. दुसरा पुढच्या कराराच्या शोधात निघतो. स्वतःच्या प्रयोगशाळेवर खर्च करायचा तो नवीन शोध लागावा म्हणून तर खराच, पण दुसऱ्याने लावलेला शोध आपल्याला समजावा यासाठीही करायचा. छोटे कारखानदार हा खर्च सर्वात आधी कापतात. ती बचत फार महागात पडते.

सरावाने शिकणं हीसुद्धा मोजता येणारी गोष्ट आहे. विमानाच्या कारखान्यांत थिओडोर राइट यांनी 1936 मध्ये दाखवलं की एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका विमानामागची मजुरी साधारण 20 टक्क्यांनी उतरते. पहिल्याला 100 तास, तर दुसऱ्याला 80, चौथ्याला 64, आठव्याला 51 च्या आसपास. पण ही उतरंड आपोआप मिळत नाही. माणसं सारखी बदलली किंवा लाइन सहा महिने बंद राहिली, की कारखाना विसरतोसुद्धा.

माणूस बाहेर पडतो, नवी पाटी लागते

नवे कारखाने येतात कुठून? बहुतेक वेळा जुन्या कारखान्यातून किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेतून. बडोद्यात दोन्ही घडलं.

1890 मध्ये सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केलं. रंगकाम, रसायन, यंत्रकाम, चित्रकला अशी हाताची विद्या तिथे शास्त्रासकट शिकवली जाई. शिकवावं ते लोकांच्या भाषेत, हा गज्जरांचा आग्रह होता. पुढे 1907 मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन या मंडळींनी अॅलेम्बिक उभी केली. सुरुवात मद्यार्क आणि टिंक्चरपासून झाली, दाखवायला फार भव्य काही नव्हतं. पण टिंक्चर बनवायला शुद्ध मद्यार्क लागतो, शुद्ध मद्यार्काला ऊर्ध्वपातन नीट यावं लागतं, आणि ते एकदा हातात बसलं की त्याच माणसांना पुढची रसायनं करता येतात. एका कामात मुरलेलं ज्ञान शेजारच्या कामाचं दार उघडतं, उद्योग बहुधा असाच पायरीपायरीने सरकतो. 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. विद्या, कर्ज आणि राज्याचा आधार अठरा वर्षांच्या आत एका गावात एकत्र आले, हे सयाजीरावांच्या कारभाराचं फळ आहे आणि त्याची आठवण आज पुरेशी ठेवली जात नाही.

त्यानंतरच्या पिढीत, 1943 मध्ये, ज्योती लिमिटेड आली, पंप, मोटारी आणि स्विचगिअर घेऊन. याच दशकात साराभाई केमिकल्स आली. 1960 च्या दशकात खतं आणि कोयलीची रिफायनरी. प्रत्येक मोठ्या कारखान्यातून काही वर्षांनी माणसं बाहेर पडतात. ती बरोबर काय नेतात हे बघण्यासारखं असतं. डिझाइनचा हात नेतात, कुठल्या सप्लायरचा माल चालतो आणि कुठल्याचा फसवा असतो हे नेतात, गिऱ्हाइकाच्या तपासनीसाला काय खटकतं तेही नेतात. नेता येत नाही ती वीस वर्षांची टेस्ट-रजिस्टरं, चाळीस माणसांची एकमेकांत बसलेली घडी, आणि उधारीवर माल देणाऱ्याचा विश्वास. नव्या शेडचं पहिलं वर्ष यातच जातं. डिझायनर बाहेर पडून मालक झाला आणि प्रॉडक्शनचा माणूस बरोबर घेतला नाही, तर कागद अचूक आणि माल कच्चा अशी गत होते.

अमेरिकेत मोटारींचं असंच झालं. 1909 च्या सुमारास तिथे अडीचशेहून जास्त मोटार कंपन्या होत्या. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. गाड्यांची मागणी मात्र त्या काळात प्रचंड वाढत होती, म्हणजे कंपन्या बाजार आटल्यामुळे मेल्या नाहीत. सुरुवातीला गाडी कशी असावी हेच ठरलेलं नसतं, वाफेची, विजेची की पेट्रोलची, म्हणून प्रयोग करणारे पुष्कळ. एक घडण लोकांनी स्वीकारली की स्पर्धा ती स्वस्तात आणि सारखी बनवण्यावर येते. जो मोठा, त्याचा सुधारणेवरचा खर्च जास्त नगांवर वाटला जातो, म्हणून तो आणखी सुधारतो. टिकलेल्या डेट्रॉइटच्या कंपन्यांत चांगल्या जुन्या कंपन्यांतून फुटून निघालेल्या पुष्कळ होत्या. ज्या घरात शिकलात त्या घराचा दर्जा पुढे दिसतो.

कायदा आणि टेंडर कुठलं ज्ञान जगवतात

ज्ञान कितीही असो, कुठल्या ज्ञानाला पैसे मिळतील हे नियम ठरवतात.

औषधांचं बघा. 1970 चा पेटंट कायदा 20 एप्रिल 1972 पासून लागू झाला. त्याने औषधाच्या रेणूवर पेटंट ठेवलंच नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं, तेही अर्जापासून सात किंवा पेटंट मिळाल्यापासून पाच वर्षं, यातलं जे लवकर संपेल तेवढंच. एकाच रेणूकडे जाण्याच्या अनेक वाटा असतात, म्हणून दुसरी वाट शोधणाऱ्या रसायनतज्ज्ञाला एकदम मोल आलं. गुजरात-महाराष्ट्राच्या पट्ट्यात ही विद्या फोफावली. ती सोपी नव्हती. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये जमलेली क्रिया 2000 लिटरच्या रिअॅक्टरमध्ये नेली की आकारमान 2000 पट होतं, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग साधारण 159 पटच वाढतो. फ्लास्कमध्ये बर्फाच्या ताटलीवर गार राहणारं मिश्रण तिथे उसळतं. म्हणून दुसरं रसायन थेंबाथेंबाने, तासन्‌तास सोडायला शिकावं लागलं. 1 जानेवारी 2005 पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, तोवर वाटा शोधण्यात आणि मोठ्या प्रमाणावर बनवण्यात तयार झालेली पिढी हाताशी होती. पेटंट संपलेली औषधं जगभर पुरवण्याचं काम तिच्या जोरावर झालं.

ट्रान्सफॉर्मरमध्ये हेच काम मानकांनी केलं. 1989 च्या आयएस 1180 या भारतीय मानकात 100 केव्हीएला नो-लोड 260 वॅट आणि फुल लोडवरचा लोड लॉस (वाइंडिंगमधून करंट गेल्यामुळे होणारा) 1760 वॅट अशा दोन वेगळ्या मर्यादा होत्या. लोड लॉस लोडच्या वर्गाने बदलतो, म्हणून अर्ध्या लोडवर 260 अधिक 440, म्हणजे 700 वॅट. 2014 च्या मानकाने एकूण लॉसच बांधला: पहिल्या पातळीला अर्ध्या लोडवर 520 आणि पूर्ण लोडवर 1800, तिसऱ्या पातळीला 435 आणि 1500. एकूण आकडा बांधल्यामुळे कोअरमध्ये बचत करायची की वाइंडिंगमध्ये, हे डिझायनरवर आलं. 2015 च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय मार्क सक्तीचा झाला. तोवर सर्वात कमी किमतीच्या टेंडरमध्ये जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेला पत्रा वापरणारा जिंकत असे आणि पात्याला वेळेवर धार लावणारा हरत असे. आमच्या मते या क्षेत्राचं सर्वात मोठं नुकसान त्या टेंडरपद्धतीने केलं. आकड्यांची सक्ती आली तेव्हा 35 वॅटला बाजारात किंमत आली.

या सक्तीतून अमॉर्फस कोअरला जोर मिळाला. ही लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉनची पट्टी असते, वितळलेला धातू इतक्या झपाट्याने गोठवलेला की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. जाडी साधारण 0.025 मिलिमीटर, सीआरजीओच्या दशांश. नो-लोड लॉस सुमारे 70 टक्के कमी. ट्रान्सफॉर्मरची मूळ घडण, कोअर आणि त्याभोवती वाइंडिंग, 1885 मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात झाली तीच आजही आहे, म्हणून बाहेरून वाटतं की फक्त पत्रा बदलला. प्रत्यक्षात भागांचं एकमेकांशी नातं बदलतं. पट्टी अॅनिलिंगनंतर, म्हणजे भट्टीत तापवून ताण काढल्यावर, काचेसारखी ठिसूळ होते, म्हणून पत्रे कापून रचता येत नाहीत, कोअर गुंडाळून करावा लागतो. गुंडाळलेल्या कोअरचा छेद चौकोनी, म्हणून कॉइलही चौकोनी. आणि इथे वर्षानुवर्षांचं गोल कॉइलचं ज्ञान उपयोगाला येत नाही.

कारण बघा. 100 केव्हीएचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा एकूण अडथळा, 4.5 टक्के. टोकावर शॉर्ट सर्किट झालं तर करंट नेहमीच्या 22 पट, आणि बल करंटच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जवळजवळ 490 पट. पहिल्या शिखराला त्याहून जास्त. गोल कॉइल हे बल सगळ्या परिघावर सारखं वाटून घेते. चौकोनी कॉइलच्या सपाट बाजू फुगतात. मानकालाही हे ठाऊक आहे: शॉर्ट सर्किट टेस्टनंतर रिअॅक्टन्समधला फरक (कॉइल किती सरकली याची खूण) गोल कॉइलला साधारण 2 टक्क्यांपर्यंत चालतो, चौकोनीला 7.5 टक्क्यांपर्यंत. म्हणून लो-व्होल्टेजला फॉइल, थरांमध्ये दाबून चिकटवलेला रेझिनचा कागद, सपाट बाजूंना वेगळा आधार, अशी नवी वहिवाट बसवावी लागते. जुन्या कारखान्यात अनुभवी माणसंच कधीकधी इथे अडतात, कारण त्यांचे हात गोल कॉइलला सरावलेले असतात.

ही टेस्ट करायला लागणारी वीजशक्ती आणि उपकरणं एकट्या छोट्या कारखान्याच्या आवाक्यात नाहीत. 1974 मध्ये मकरपुऱ्यात उद्योगांनी मिळून एर्डा ही विद्युत संशोधन संस्था काढली ती अशाच गरजेपोटी. सामायिक प्रयोगशाळेचा दुसरा फायदा कमी बोलला जातो: तिथे जॉब फुटतो तेव्हा टाकी उघडून नेमकं काय सरकलं ते दिसतं. टेस्ट पास झाल्याच्या सर्टिफिकेटपेक्षा त्या उघड्या टाकीतून जास्त शिकायला मिळतं.

स्वतःच्या शॉपमध्ये ज्ञान साठवायचं असेल तर पहिलं काम एका वहीने होतं. प्रत्येक जॉबला डिझाइनचा लॉस आणि टेस्टचा लॉस शेजारी-शेजारी लिहायचा, त्यापुढे कोअर कुणी रचला, पत्रा गिरणीच्या कुठल्या गुंडाळीचा, पात्याला शेवटची धार कधी लावली, ओव्हनमध्ये मेगर कधी स्थिर झाला. फरक पाच टक्क्यांच्या वर गेला की तो जॉब रवाना होण्याआधी कारण शोधायचं, माणसाला बोलणी न बसवता. बोलणी बसली की वहीत आकडे आपोआप छान येऊ लागतात आणि वही निरुपयोगी होते. शंभरेक जॉब झाले की लॉस कुठे जातो हे वहीतच दिसायला लागतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या वाइंडरशेजारी तरुण माणूस आजच उभा करायचा, आणि वाइंडर हाताने काय करतो हे त्या तरुणाने लिहून त्याच्याकडूनच तपासून घ्यायचं. इंजिनिअरने ऑफिसात बसून लिहिलेली पद्धत सहसा कुणी वाचत नाही.